उलटतपासाचा हिवाळा

परवा सकाळी ह्यांनी बाजारातून पिशवीभर भरताची वांगी आणली. हिरवी, लांबट, अंगावर पांढुरक्या रेघा ओढलेली. ओट्यावर ती ओतताना मी म्हटलं, "अहो, दोघांना एवढी वांगी?" तर खुर्चीत बसून चपलेचा बंद सोडता सोडता हे गंभीरपणे म्हणाले, "मी वांगी आणली हे म्हणणे खरे आहे. ती जास्त आहेत हे म्हणणे खरे नाही."

मला हसू आवरेना. कोर्टात साक्षीदाराचं म्हणणं याच भाषेत लिहून घेतात. ती भाषा दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या घरात शिरली आणि मुक्कामालाच राहिली. साखर संपली, गॅस संपला, दूध उतू गेलं, सगळ्यावर आमचं म्हणणं खरं तरी असतं, नाहीतर खरं नसतं तरी. जळगावात थंडी पडली, तुरीच्या शेंगा आल्या, संध्याकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर वांगी भाजल्याचा धुरकट वास यायला लागला की मला तो हिवाळा आठवतो. आमच्या बैठकीच्या खोलीत कोर्ट भरायचं, तो हिवाळा.

ते कोर्ट आणलं माझ्या भाचीने. हर्षदा ही माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. गाव शिंदखेड्याजवळ. बारावी झाल्यावर तिला कायद्याच्या कोर्सला जळगावात प्रवेश मिळाला आणि ती आमच्याकडे राहायला आली. आमचा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला, त्याची खोली रिकामीच होती. येताना पोरीने दोन पिशव्या कपडे आणले, अक्काने दिलेला मिरचीचा ठेचा आणला, आणि इतकी शांतता आणली की पहिले काही महिने घरात आपण तिघं आहोत हे मला फक्त ताटं वाढतानाच आठवायचं. दार लावायची तर आवाज न करता. हाक मारायची तर जवळ येऊन.

आणि तिचे वडील? ते शिंदखेडा ते धुळे काळी-पिवळी जीप चालवतात. आम्ही त्यांना दाजी म्हणतो, हर्षदा नाना म्हणते. स्टॅंडवर उभं राहून "धुळं, धुळं, सोनगीर, धुळं!" अशी आरोळी ठोकली की रस्त्यापलीकडच्या चक्कीतला माणूससुद्धा पीठ टाकून बाहेर बघतो. अशा बापाच्या पोटी ही अशी पोर कशी, असं अक्का नेहमी म्हणायची. त्यावर दाजी म्हणायचे, "मी बोलस ना बठ्ठासना वाटानं. तिले काय गरज?" सगळ्यांच्या वाटचं मीच बोलतो, तिला कशाला बोलावं लागतंय.

तर ही मुलगी तिसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी कॉलेजातून आली आणि दारातच म्हणाली, "मावशी, माझी मॉक ट्रायलला निवड झाली."

मला काही कळलं नाही. मग तिने चहा पीत समजावलं. खोटा खटला असतो. एक गोष्ट देतात, त्यात कोणी आरोपी, कोणी साक्षीदार. विद्यार्थी दोन्हीकडचे वकील होतात आणि खऱ्या कोर्टासारखा खटला चालवतात. न्यायाधीश मात्र खरे, म्हणजे निवृत्त झालेले किंवा मोठे वकील. ते निकाल खटल्याचा देत नाहीत, वकिलांचा देतात. हर्षदाच्या वाट्याला उलटतपास आला होता. समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारून त्याच्या सांगण्यातली फट शोधायची.

पहिली स्पर्धा जळगावातच झाली. त्या संध्याकाळी ती घरी आली ती सरळ माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि माझ्या पुढ्यातल्या तुरीच्या शेंगा सोलायला लागली. बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर बोलली.

"मावशी, मी साक्षीदाराला काका म्हटलं."

"मग?"

"असं म्हणायचं नसतं. आणि ते खोकत होते, तर मी विचारलं, काका पाणी देऊ का? सगळा हॉल हसला. गुण कापले. बाहेर आल्यावर सर म्हणाले, हर्षदा, याला उलटतपास म्हणतात, पाहुणचार नाही."

मला हसू येत होतं, पण तिच्या डोळ्यांकडे पाहून मी ते गिळलं.

"धुळ्याच्या स्पर्धेला सर माझ्याऐवजी दुसऱ्याला उभं करणार आहेत बहुतेक. बरोबरच आहे त्यांचं. मोठ्या माणसाला तुम्ही खोटं बोलताय असं तोंडावर म्हणताच येत नाही मला. वकिली माझं काम नाही मावशी. मी बँकेच्या परीक्षा देईन."

मी त्या वेळी काही शहाणपणाचं बोलले असेन असं वाटत नाही. पण मनात एक गोष्ट घुमत राहिली. आपल्याकडे मुलगी जरा बोलायला लागली की पहिली शिकवण काय, तर उलट बोलू नकोस. आईला उलट उत्तर देऊ नकोस, काकाला उलट प्रश्न विचारू नकोस. मीही तेच ऐकत वाढले, अक्काही तेच, आणि अक्काने पुढे तेच हर्षदाला शिकवलं. वीस वर्षं जो शब्द तिच्यापासून लांब ठेवला, त्या शब्दानेच तिच्या कामाचं नाव सुरू होत होतं. उलटतपास! तिची जीभ अडखळली यात नवल ते काय?

ह्यांनी मात्र शेंगा सोलायच्या ताटलीतून दाणे उचलत फार सोपा मार्ग काढला. "सर जेव्हा बदलतील तेव्हा बदलतील. तोवर तू मला विचार. मी साक्षीदार."

झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या बैठकीत कोर्ट उभं राहिलं. टीव्ही बंद. ह्यांच्यासाठी मधोमध खुर्ची. न्यायाधीश कोण? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे शेठजी आवाज ऐकून डोकावले आणि स्वतःहूनच न्यायाधीश झाले. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले, पण शेठजी खुद्द आमच्याहून पक्के खानदेशी. आता दुकान मुलांच्या हाती देऊन मोकळे झालेले, आणि मोकळेपण त्यांना मुळीच सोसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते दुकानातलं अर्धा किलोचं वजन घेऊन आले. टेबलावर आपटायला.

"शेठजी, आपल्या कोर्टात हातोडा नसतो," हर्षदा हळूच म्हणाली.

"नसतो? मग लोक गप कसे बसतात?"

"न्यायाधीश नुसते बघतात."

शेठजींचा चेहरा पडला. दोन दिवस त्यांनी नुसतं बघण्याचा सराव केला. तिसऱ्या दिवशी वजन परत आलं.

धुळ्याच्या स्पर्धेसाठी दिलेला खटला असा होता. एका शेतकऱ्याची वेचून ठेवलेली कापसाची गंजी संध्याकाळच्या वेळी पेटली. शेजाऱ्याशी त्याचं बांधावरून भांडण होतं, म्हणून शेजारी आरोपी. आणि साक्षीदार एक बाई. तिचं म्हणणं, आरोपीला आगीपासून पळताना मी डोळ्यांनी पाहिलं. हर्षदा आरोपीची वकील.

हे साक्षीदार म्हणून अगदीच कुचकामी निघाले. हर्षदाने काहीही विचारलं की हे प्रेमाने "बरोबर, बेटा" म्हणायचे. मग मला बसवलं. मी पदर खोचून बसले आणि मला त्या बाईचं वारं लागलं म्हणा ना! विचारलं एक की मी दहा सांगायची. त्या दिवशी काय भाजी केली होती, वारा कुठून होता, आरोपीच्या आजोबांनीही कसा बांध कोरला होता. शेठजी वजन आपटून थकले. हर्षदा सुरुवातीला भांबावून जायची. मग तिच्या लक्षात यायला लागलं की मावशीला लांब प्रश्न विचारला की मावशी मोकाट सुटते. ती प्रश्न छोटे करायला लागली. एका प्रश्नात एकच गोष्ट. उत्तर देताना हो किंवा नाही याच्यापलीकडे जागाच नाही.

"तुम्ही स्वयंपाक करत होता."

"हो."

"चूल मागच्या खोलीत आहे."

"हो."

"ओरडा ऐकून तुम्ही बाहेर आलात."

"हो."

मला ते छोटे हो, हो म्हणताना फार अवघडल्यासारखं व्हायचं. पण आवाज तिचा तोच, जवळ येऊन हाक मारणारा. त्यात दटावणी नव्हती, म्हणून रागही येत नव्हता. आणि कळायच्या आत मी कुठल्या कुठे जाऊन पोचलेली असायची. फक्त शेवटी मी जिंकायची. तिचा शेवटचा प्रश्न असायचा, "मग आरोपी आगीपासून पळत होता, पाणी आणायला धावत नव्हता, हे तुम्हाला कसं कळलं?" आणि मी ठसक्यात म्हणायची, "कसं कळलं म्हणजे? पाण्याला जाणारा माणूस घागर घेऊन जाईल की नाही? ह्याचे हात मोकळे होते!" शेठजी टाळी वाजवायचे. रोज नवीन उत्तर. एकदा मी म्हटलं, विहीर दुसऱ्या बाजूला आहे. एकदा म्हटलं, तो हसत होता. हर्षदा कपाळाला हात लावून हसायची, आणि मला वाटतं, त्या हसण्यात तिची भीती थोडी थोडी सांडत गेली.

सरांनी एका दुपारी तिचा सराव पाहिला आणि तिला बदलायचं रद्द केलं. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आवाज वाढवू नकोस. आहे तोच ठेव."

धुळ्याला निघालो ती सकाळ अशी गारठ्याची की एसटीच्या काचा आतून ओल्या झाल्या होत्या. एरंडोल, पारोळा मागे टाकत गाडी चालली होती, रस्त्याच्या कडेला कापसाने शिगोशिग भरलेले ट्रॅक्टर, आणि माझ्या शेजारी हर्षदा ओठांतल्या ओठांत हो, हो, हो करत होती. प्रश्नही तीच, उत्तरंही तीच. हे मागच्या सीटवर शेठजींना उलटतपास म्हणजे काय ते समजावत होते, जणू शेठजींना माहीतच नव्हतं.

कॉलेजच्या फाटकाशी दाजींची काळी-पिवळी उभी होती. पहिली फेरी धुळ्याला सोडून ते थांबले होते. अक्काने डबा पाठवला होता.

"चला दाजी आत," हे म्हणाले.

"नई, मी आठेच बरा," दाजी म्हणाले. अंगावर खाकी शर्ट, हाताला ग्रीसचा डाग. "गाडी दखनी पडी." गाडीकडे लक्ष द्यावं लागेल म्हणे. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, त्या आवारातल्या काळ्या कोटांकडे बघत अगदी लहान आवाजात बोलला. मला त्यांचं वाईट वाटलं. कपड्यांमुळे संकोचले, असंच आम्ही सगळे समजलो.

आत हॉल गच्च भरलेला. यजमान कॉलेजने साक्षीदार म्हणून बाहेरची माणसं बसवली होती. गंजी पेटल्याच्या खटल्यातली बाई म्हणून आल्या होत्या त्या जवळच्याच गावच्या, साठीच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. आधीच्या फेरीत एका मुलाने त्यांचा उलटतपास केला. काय त्याचा आवाज! बोट रोखून, टेबलावर वाकून. "तुम्ही पाहिलंच नाही! सांगा, पाहिलं का नाही?" बाई आधी दचकल्या. मग त्यांनी तोंड घट्ट मिटलं आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "मी दखं म्हंजे दखं." पाहिलं म्हणजे पाहिलं. मुलगा जितका चढत गेला तितक्या बाई खुंट्यासारख्या रुतत गेल्या.

मग हर्षदा उठली. काळ्या कोटात ती मला अचानक उंच वाटली. तिने काका-मावशी काही म्हटलं नाही. नियमाप्रमाणे "तुम्ही" म्हटलं, पण ते तुम्ही असं काही म्हटलं की बाईंचे खांदे खाली आले.

"तुम्ही स्वयंपाक करत होता."

"हो."

"ओरडा ऐकून बाहेर आलात."

"हो."

"बाहेर आल्यावर आधी नातवंडांना हाका मारल्या."

"मारशू नई का? आग लागनी व्हती." हॉलमध्ये हलकं हसू आलं. हर्षदाही हसली.

"तोवर गावातली माणसं जमली होती."

"हो."

"कोणी पाण्याला धावत होतं, कोणी गुरं सोडायला."

"हो ना."

"म्हणजे त्या वेळी तिथे सगळेच धावत होते."

"हो माय, बठ्ठाच पयत व्हतात," बाई मनापासून म्हणाल्या. सगळेच पळत होते.

आता शेवटचा प्रश्न. मी खुर्चीच्या कडेला आले. उत्तर माझ्याच तोंडात तयार होतं. पण हर्षदा न्यायाधीशांकडे वळली, म्हणाली, "यापुढे प्रश्न नाही," आणि बसली.

"विसरली!" मी ह्यांचा दंड धरला. "अहो, शेवटचं विसरली ती!" पलीकडे शेठजींनी डोळे मिटून घेतले होते. त्या पाच-दहा मिनिटांत माझं सगळ्या देवांना बोलावून झालं. मग शेवटचं भाषण करायला हर्षदाच उभी राहिली.

"साक्षीदार खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी आरोपीला धावताना पाहिलं. पण त्यांनीच सांगितलं, तिथे सगळेच धावत होते. मग एकटा हाच माणूस गुन्हेगार का? कारण त्याचं बांधावरून भांडण होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. ते आगीनंतर आठवलं आणि पाहण्याला येऊन चिकटलं. बाईंनी डोळ्यांनी पाहिलं ते धावणं. पळून जाणं आपण सगळ्यांनी मिळून जोडलं."

आणि मला उमगलं. मुलगी काही विसरली नव्हती. आमच्या बैठकीत मी रोज ज्या प्रश्नावर जिंकत होते, तो प्रश्नच तिने मला दिला नाही! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी हसतही होते. साक्षीदार बाई खुर्चीवरून मान डोलवत होत्या. त्यांना कोणी खोटं ठरवलं नव्हतं.

संघ पहिला आला. उत्कृष्ट वकिलाचा चषक हर्षदाला मिळाला. न्यायाधीश म्हणून आलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ तो देताना म्हणाले, "प्रश्न कुठे थांबवायचा हे शिकायला मला पंधरा वर्षं लागली, बेटा." शेठजी उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आजूबाजूच्या अनोळखी लोकांना सांगत होते, "आमच्या कोर्टात तयार झाली." बाहेर दाजींनी टाळ्या ऐकून वॉचमनला चार वेळा विचारलं होतं, "कोनं नाव पुकारं? कोनं?"

त्यानंतर त्या हिवाळ्यात संघ आणखी दोन ठिकाणी गेला. एके ठिकाणी हरले, पण चषक हर्षदालाच. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही. आमच्या टीव्हीवरच्या शोभेच्या वस्तू एकेक करून कपाटात गेल्या.

आता तिचं शेवटचं वर्ष. हल्ली ती गावी राहून धुळ्याच्या कोर्टात एका वकीलबाईंबरोबर जाते, अभ्यासाचाच भाग म्हणून. खऱ्या साक्षीदारांना पाहते. परवा फोनवर सांगत होती, "मावशी, खरी माणसं तुझ्यासारखी बोलतात. मला सगळी ओळखीची वाटतात." एवढा मान मला आयुष्यात कोणी दिला नाही.

पण त्या हिवाळ्यातलं सगळ्यात गोड राहिलंच. शिंदखेड्याच्या काळी-पिवळी स्टॅंडवर ड्रायव्हर मंडळींनी हर्षदाचा सत्कार ठेवला. दोन गाड्यांच्या मध्ये बॅनर बांधलेला, त्यावर तिचा मोठा फोटो आणि खाली अक्षरं, "न्यायाधीशपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". दाजी बॅनर पाहून कळवळले. "भो, न्यायाधीश नई, स्पर्धा जिकनी ती!" छापणाऱ्याचं म्हणणं, तिथपर्यंत जाणारच आहे, मग परत कशाला छापायचं? हर्षदा म्हणाली, "राहू द्या नाना, छान दिसतंय."

शाल झाली, नारळ झाला, पेढे झाले. भाषणं झाली, ती बहुतेक रस्त्याच्या खड्ड्यांवर. मग स्टॅंडवरचे सगळ्यात वयस्कर ड्रायव्हर, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत सरसावून बसले. "माय, आम्ही काय कोर्टमा येत नई. आठेच करी दखाड ना." इथेच करून दाखव.

हर्षदा खांद्यावरची शाल सावरून म्हणाली, "मी साक्षीदार म्हणून माझ्या वडिलांना बोलावते."

एकच गलका झाला. दाजींना ढकलत खुर्चीवर आणलं. आबा आपोआप न्यायाधीश.

"तुम्ही या स्टॅंडवर गाडी चालवता."

"हो ना भो." वकिलालाच भो, म्हणजे भाऊ, म्हटल्यावर सगळे हसले.

"मी वकिलीला जाणार म्हटल्यावर इथल्या बऱ्याच जणांनी तुम्हाला नको म्हणून सांगितलं."

दोन-तीन जण आपापल्या चपला बघायला लागले. दाजींनी मान हलवली.

"मान नको हालाडू," आबा म्हणाले. "बोल."

"खरं शे."

"तुम्ही कोणाशी वाद घातला नाही. पहाटेच्या फेरीला मला पुढच्या सीटवर बसवलं आणि धुळ्याला नेऊन जळगावच्या एसटीत बसवून दिलं."

"खरं शे." ज्यांच्या आरोळीने चक्की थांबते, त्यांचा तो आवाज मला कान देऊन ऐकावा लागला.

"धुळ्याच्या स्पर्धेला मी आत बोलत होते. तुम्ही बाहेर गाडीत बसून होता."

"खरं शे."

"आत यायचं होतं तुम्हाला?"

दाजी म्हणाले, "व्हतं."

"मंग का नई उनात, नाना?" वकिलाची भाषा सुटली होती. ती आता घरातली पोर होती.

दाजींनी खाली बघितलं, हाताचा डाग अंगठ्याने घासला. "मी मझार उनू असतू," ते हळू म्हणाले, "आनि तुनं ध्यान मनाकडे गयं असतं तं?"

आत आलो असतो, आणि तुझं लक्ष माझ्याकडे गेलं असतं तर? एवढंच. ना शर्टाचा संकोच, ना ग्रीसचा. आम्ही उगाच सगळं त्या खाकी शर्टावर घातलं होतं.

आबांनी डोळ्यांवरून गमछा फिरवला. हर्षदा तशीच उभी. आबांनी शेवटी विचारलं, आणखी काही विचारायचं आहे का? तिने मानेनेच नाही म्हटलं.

तेव्हा साक्षीदारच म्हणाला, "आबा, माले एक ईचारनं शे." आणि परवानगीची वाट न बघता लेकीकडे पाहत, "सकायपशी काही खादं का तू?"

"नाही, नाना."

दाजी उठले. त्या खुर्चीवरून साक्षीदाराला असं उठता येतं का, आबांना माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. कोर्ट तिथेच उठलं. शाल खांद्यावर तशीच घेऊन हर्षदा बापाचा दंड धरून भजीच्या गाडीकडे चालत गेली, आणि मागून आबांनी खणखणीत आवाज दिला, "जाऊ द्या रे, वाट द्या! साक्षीदार आन वकील एकाच घरना!"